सामानापाशी कोण बसणार?

प्रत्येक सहलीत एक क्षण असा येतो, की कुणीतरी विचारतं, "सामानापाशी कोण बसणार?" आणि आमच्या घरी त्याचं उत्तर ठरलेलं असतं. वेण्णा लेकवर सगळे नावेत बसले, की चपला आणि पिशव्या घेऊन मी काठावर. गणपतीपुळ्याला सगळे पाण्यात, तर मी टॉवेल सांभाळत वाळूत. रायगडावर सगळे टकमक टोकापर्यंत जाऊन आले आणि मी डब्यांवर माकडं येतील म्हणून मागेच थांबले. मला कुणी जबरदस्ती केली असं नव्हे हं! मीच म्हणायची, "जा तुम्ही, मी आहे इथं." पंधरा वर्षांत हे इतकं अंगवळणी पडलं, की कड्यावरून खाली बघायला आपल्याला आवडतं की भीती वाटते, हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं.

या उन्हाळ्यात मात्र तसं झालं नाही. ह्यांच्या ओळखीतल्या काही कुटुंबांचा एक गट जूनच्या पहिल्या आठवड्यात मनालीला निघाला होता. नुसतं गाडीतून हिंडायचं नव्हे, तर तीन दिवस तंबूत राहून बियास कुंडापर्यंत पायी जायचं. हे लगेच तयार! थोरली नववीत, धाकटा सहावीत. दोघं तर नाचायलाच लागली. ह्यांनी बेत सांगितला, "तू मनालीत हॉटेलवर आराम कर. आम्ही तिघं जाऊन येतो. जास्तीचं सामानही तुझ्यापाशी राहील."

त्या 'सामाना'नं माझ्या डोक्यात काय झालं कोण जाणे! मी म्हटलं, "सामान हॉटेलवाला सांभाळेल. मीही येणार."

हे हसले. सासूबाई हसल्या नाहीत. "अडतिसाव्या वर्षी डोंगर चढणार? आणि गुडघे धरले म्हणजे?" एवढंच म्हणून त्या गप्प बसल्या. त्यांचं गप्प बसणं बोलण्यापेक्षा जड असतं, हे सुनांना सांगायला नकोच.

आम्ही साताऱ्याचे. घराच्या खिडकीतून अजिंक्यतारा दिसतो, पण वर्षानुवर्षं तो नुसता दिसतच होता. जायच्या आधी सहा आठवडे मी रोज पहाटे साडेपाचला किल्ला चढायला लागले. पहिल्या दिवशी दरवाज्यापर्यंत पोचताना चार वेळा बसले. पंधरा दिवसांनी एकदाच बसले. महिन्याभरानं पाठीवरच्या पिशवीत पाण्याच्या दोन भरलेल्या बाटल्या घेऊन न बसता पोचले. बूटही त्याच वेळी घेतले आणि रोज घातले. नवे कोरे बूट डोंगरात घालणं म्हणजे फोडांना आमंत्रण. ह्यांना मात्र तयारीची गरज वाटली नाही. हे रोज सकाळी पाच किलोमीटर पळतात, पोट अजिबात नाही. "माझी काळजी करू नकोस," म्हणाले. हे वाक्य पुढं मला फार आठवलं.

खाऊचं खातं अर्थातच माझ्याकडे. भाजक्या पोह्यांचा चिवडा, दाण्याची चटणी, खजूर, गूळ-शेंगदाणे, मेतकूट आणि लिंबू-मीठ-साखर घातलेली कोरडी पूड. ही शेवटची वस्तू सगळ्यांत उपयोगी पडली.

पुण्याहून रेल्वेनं दिल्ली आणि तिथून रात्रभराची बस. मनाली समुद्रसपाटीपासून साधारण सहा हजार सातशे फुटांवर आहे. आमच्या गटप्रमुखांची सक्त ताकीद होती, की पहिले दोन दिवस कुणी उड्या मारायच्या नाहीत. उंचीवर हवा विरळ असते, शरीराला तिची सवय व्हायला वेळ लागतो. म्हणून पहिल्या दिवशी सावकाश हिंडलो. हिडिंबेचं देऊळ पाहिलं. उंच देवदारांच्या राईत चार उतरत्या छपरांचं हे लाकडी देऊळ १५५३ साली बांधलेलं आहे. भीमाच्या बायकोची, एका राक्षसीची एवढ्या मानानं पूजा होते, याचं मला फार कौतुक वाटलं. इकडची ती आराध्य देवता! कुलूच्या राजघराण्यातही तिला आजीचा मान.

दुसऱ्या दिवशी पलीकडच्या काठावरच्या वशिष्ठ गावातून जोगिनी धबधब्यापर्यंत चालत गेलो. सफरचंदाच्या बागा, पाइनची झाडं आणि वाटेवर पाठीला टोपली अडकवून चालताचालता लोकर विणणाऱ्या बायका. मला वाटायचं, मी एका वेळी दोन कामं करते. ह्या तीन करत होत्या, कारण तोंडानं गप्पाही चालूच होत्या! परतताना वशिष्ठाच्या देवळाशेजारच्या गरम पाण्याच्या कुंडात बायकांसाठी वेगळी सोय आहे, तिथं पाय सोडून बसले. पाण्याला गंधकाचा वास येतो, पण दुखऱ्या पोटऱ्यांना ते पाणी म्हणजे माहेर.

याच गावाची कथा महाभारतात आहे. मुलांच्या मृत्यूनं खचलेल्या वसिष्ठ ऋषींनी स्वतःला दोरांनी बांधून घेऊन नदीत उडी टाकली. नदीनं मात्र त्यांना बुडवलं नाही. तिनं त्यांचे पाश सोडवले आणि काठावर आणून ठेवलं. म्हणून तिचं नाव विपाशा. तीच ही आजची बियास. बी. ए.ला संस्कृत असूनही हा शब्द मी कधी असा फोडून पाहिला नव्हता.

तिसऱ्या दिवशी कुलूजवळ पिर्डीला रबरी नावेतून प्रवाहात उतरायचं होतं. काठावर आल्यावर सवयीनं मी पर्सेस गोळा करायला लागले. थोरलीनं माझ्या हातातून त्या काढून घेतल्या आणि जीपमध्ये टाकल्या. "आई, जॅकेट घाल." बस्स! डोक्यावर हेल्मेट, अंगात तरंगणारं जॅकेट आणि हातात नावेच्या कडेचा दोर. पहिली लाट अंगावर आली तेव्हा मी इतक्या जोरात किंचाळले, की नावाडीसुद्धा दचकला. पाणी थेट बर्फाचं! पण दुसऱ्या लाटेला मी हसत होते. जाणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं, की १५ जुलै ते १५ सप्टेंबर या पावसाळी दिवसांत तिथं नावेचे आणि पॅराग्लायडिंगचे खेळ बंद ठेवतात. नदीचा तिथला स्वभाव थट्टेचा नाही. जुलै २०२३ च्या पुरानं याच खोऱ्यातला रस्ता ठिकठिकाणी वाहून नेला होता.

सोलंगला, म्हणजे आठ हजार चारशे फुटांच्या आसपास, एक रात्र काढून आम्ही खऱ्या वाटेला लागलो. जीपनं धुंदीपर्यंत गेलो. इथूनच जवळ अटल बोगद्याचं दक्षिणेकडचं तोंड आहे. नऊ किलोमीटरहून थोडा लांब असलेला हा बोगदा ३ ऑक्टोबर २०२० ला सुरू झाला आणि रोहतांगची खिंड न चढता लाहौलला जाता येऊ लागलं. गाड्यांची रांग तिकडे गेली आणि आम्ही पाठीवर पिशव्या घेऊन नदीकाठानं डावीकडच्या वाटेला लागलो. पाचच मिनिटांत हॉर्नचा आवाज थांबला, नुसतं पाणी ऐकू यायला लागलं.

वाटेत भूर्जाची झाडं लागतात. पांढरट साल, कागदासारखी सुटणारी. हीच भूर्जपत्रं, ज्यांवर आपल्या पूर्वजांनी पोथ्या लिहिल्या. धाकट्यानं खाली पडलेला एक तुकडा उचलून त्यावर पेननं स्वतःचं नाव लिहिलं आणि ते उमटलंसुद्धा! पुढं झाडं संपतात आणि हिरवी कुरणं सुरू होतात. त्यांना तिकडे 'थाच' म्हणतात. आमचा मुक्काम बकरथाचला होता, म्हणजे बकऱ्यांच्या कुरणात. नावाप्रमाणंच गद्दी धनगरांचा मोठा कळप तिथं उतरला होता. हे लोक हिवाळ्यात खाली आणि उन्हाळ्यात वर, असे वर्षभर मेंढ्यांमागं चालत असतात. मनालीच्या पर्वतारोहण संस्थेच्या, जी १९६१ साली सुरू झाली, शिकाऊ तुकड्याही याच भागात सरावाला येतात.

आमचा वाटाड्या तिथल्याच खेड्यातला, चाळिशीचा, कमी बोलणारा. त्याचा एकच धोशा, "धीरे चलो, पानी पियो." मी मुळातच धीरे चालणारी, त्यामुळं मला सोपं गेलं. दर अर्ध्या तासाला थांबायचं, दोन घोट लिंबाचं पाणी, पुन्हा चालायचं. हे आणि धाकटा मात्र शर्यत लावून सगळ्यांच्या पुढं. ह्यांच्या पाठीवर माझ्याही पिशवीतलं ओझं होतं. मी पोचले तेव्हा हे तंबूबाहेर बसून "किती वेळ लावलास!" असं म्हणत होते. अंतर काही फार नाही, तीनेक तासांचं, पण उंची अकरा हजार फुटांच्या जवळ.

तिथला स्वयंपाक बघायला मी आपसूक आचाऱ्याच्या तंबूत शिरले. डाळ किती तरी वेळ उकळतेय आणि शिजतच नाही! त्यानं हसून कुकर पुढं ओढला. वर हवेचा दाब कमी, त्यामुळं पाणी शंभर अंशांऐवजी एकोणनव्वदच्या आसपासच उकळू लागतं. उकळ्या फुटतात, पण पाणी तेवढं तापलेलंच नसतं. आपल्या पुस्तकात शिकलो होतो सगळं, पण न शिजलेल्या डाळीत बोट घातल्यावर ते खरं कळलं.

संध्याकाळी वाटाड्यानं मुलांना एक खेळ शिकवला. एका पावलाची टाच दुसऱ्या पावलाच्या अंगठ्याला चिकटवून दोरीवरून चालल्यासारखं सरळ रेषेत चालायचं. मुलांना ती गंमत वाटली. मग त्यानं मोठ्यांना बाजूला घेऊन सांगितलं, की हा खेळ नाही. उंचीचा त्रास झालेल्या माणसाचा तोल जायला लागला, बसल्याजागी धाप लागायला लागली किंवा तो असंबद्ध बोलायला लागला, तर क्षणभरही न थांबता त्याला खाली न्यायचं. नुसतं डोकं दुखत असेल, तर आहे तिथंच विश्रांती, वर एक पाऊलही नाही. उलटी झाली, डोकं वाढलं, तर खाली उतरायचं. औषध घेतो, बरं वाटेल, जाऊ पुढं, हे चालायचं नाही. "पहाड़ कहीं भागेगा नहीं," तो म्हणाला.

रात्री ह्यांनी जेवण टाळलं. मी पहिल्यांदा लक्ष दिलं नाही. दोनच्या सुमाराला जाग आली, तर हे उठून बसलेले, डोकं दोन्ही हातांनी धरून. "काही नाही, थंडीनं दुखतंय." सकाळी चेहरा उतरलेला. वाटाड्यानं विचारपूस केली, रेषेवर चालायला लावलं. हे अगदी सरळ चालले, जरा चिडूनच. पण डोकं दुखत होतं आणि भूक नव्हती. निकाल एका वाक्यात लागला, "साहब आज ऊपर नहीं जाएंगे."

रोज पाच किलोमीटर पळणारा माणूस, आणि त्याला उंची बाधली! नंतर गटातल्या एका डॉक्टर बाईंनी मला समजावलं, की धट्टेकट्टेपणाचा आणि याचा काही संबंध नाही. किंबहुना धडधाकट माणसं भराभर चढतात, पाणी प्यायला विसरतात आणि तीच आधी आजारी पडतात.

आता खरा प्रश्न होता माझा. मी पिशवी खाली ठेवली आणि म्हटलं, "मी थांबते यांच्यापाशी." माझ्या तोंडून ते इतक्या सहज निघालं, की निघाल्यावरच मला ऐकू आलं. थोरली काही बोलली नाही. तिनं नुसतं माझ्याकडे पाहिलं आणि बुटाची नाडी बांधायला खाली वाकली. त्या पाहण्यात राग नव्हता. अपेक्षित तेच घडल्यावर माणूस पाहतो ना, तसं होतं ते. मला तेच लागलं.

"तू जा," हे म्हणाले. "मला काय झालंय? झोपतो." धाकटा लगेच, "मी थांबतो बाबांजवळ. दर तासाला त्यांना रेषेवर चालवतो." वाटाड्याचा मदतनीस, विशीतला मुलगा, तोही थांबणार होता. वाटाड्यानं त्याला माझ्यासमोर सगळे नियम पुन्हा म्हणायला लावले.

तरी पाय निघेना. आजारी नवऱ्याला तंबूत टाकून बायको डोंगर बघायला गेली! हे वाक्य माझ्या मनात कुणाच्या आवाजात उमटलं असेल, ते तुम्ही ओळखलंच असेल. पण त्याच्या मागोमाग दुसराही विचार आला. माझं डोकं दुखत असतं आणि मी थांबले असते, तर हे पोरांना घेऊन गेले असते की नाही? गेले असते. मी स्वतःच त्यांना "जा, जा" म्हणून पाठवलं असतं, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटलं नसतं. मी डॉक्टर बाईंना विचारलं. त्यांनी ह्यांना तपासून सांगितलं, की आत्ता धोका दिसत नाही, लक्ष मात्र ठेवायला हवं, आणि ते ठेवायला माणूस आहे. मी पिशवी उचलली.

सहा वाजता निघालो. एवढ्या लवकर का, तर वाटेत एक ओढा ओलांडायचा असतो. रात्रीच्या गारठ्यात वरचा बर्फ वितळत नाही, म्हणून पहाटे पाणी कमी. ऊन तापलं, की वरून पाणी सुटतं आणि दुपारी तोच ओढा दुप्पट होतो. म्हणजे सकाळी ओलांडलेलं पाणी दुपारी परत येऊ देईलच असं नाही. बूट-मोजे काढून, एकमेकींचे हात धरून आम्ही उतरलो. पाणी गुडघ्यापर्यंतच होतं, पण दहा पावलांत पाय माझे आहेत की नाहीत तेच कळेना. थोरलीचा हात मी धरला होता की तिनं माझा, हे सांगणं कठीण आहे.

पुढं सगळी धोंड्यांची चढण. हिमनदीनं आणून टाकलेले हे दगड, लहान-मोठे, काही डुगडुगणारे. मधूनमधून बर्फाचे पट्टे. वाटाड्या पुढं बुटानं पायऱ्या खोदायचा आणि आम्ही त्यांत पावलं टाकायचो. बारा हजार फुटांवर एका श्वासात मिळणारा प्राणवायू समुद्रकाठच्या मानानं दोन-तृतीयांशच असतो. वीस पावलं, मग थांबा. वीस पावलं, मग थांबा. अजिंक्यताऱ्यावरच्या पहिल्या आठवड्यासारखंच, फक्त इथं लाज वाटत नव्हती, कारण सगळेच थांबत होते. समोर हनुमान टिब्बा, एकोणीस हजार फुटांहून उंच, डोळे दिपवणारा. आणि प्रत्येक थांब्याला मी मागं वळून बकरथाचकडे बघायची. आमचा निळा तंबू आधी रुमालाएवढा दिसत होता, मग टिकलीएवढा, मग दिसेनासा झाला.

नऊच्या सुमाराला शेवटची कड चढलो आणि खाली कुंड दिसलं.

खरं सांगू? ते लहान आहे. मनात मी मानससरोवर घेऊन गेले होते आणि हे आपलं एखाद्या गावतळ्याएवढं. एका अंगाला अजून बर्फ, मधे हिरवट-निळं, अगदी स्तब्ध पाणी. व्यास ऋषी इथं तप करत, अशी तिथल्या लोकांची श्रद्धा आहे. म्हणून पाण्यात कुणी उतरत नाही, काठावर नमस्कार करतात. काठाच्या दगडांतून बोटभर पाणी झुळझुळत निघतं आणि खाली जातं. पिर्डीला माझ्या अंगावर लाट घेऊन आली होती ती नदी ही! थोरली म्हणाली, "आई, ही तर तू ओंजळीनं अडवशील."

मी काठावर बसले. जवळ सामान नव्हतं, कुणाचा टॉवेल नव्हता. दहा मिनिटं मी नुसती बसले. आनंद झाला का? झाला, पण त्यात एक टोचणी सतत होती. वाचणाऱ्या मैत्रिणींना मी खोटं कशाला सांगू? मन अर्धं पाण्यावर आणि अर्धं त्या तंबूत, असंच होतं. फक्त एवढं कळलं, की टोचणी असतानाही आनंद होऊ शकतो. टोचणी संपेल आणि मग आपण जाऊ, असं म्हणत राहिलं, तर बाईनं कधीच कुठं जाऊ नये.

साडेनऊला वाटाड्यानं उठवलं. ओढ्यापाशी अकराला पोचलो, तर पाणी मांडीपर्यंत चढलेलं आणि गढूळ. त्यानं दोर बांधला. एकेक करून सगळे ओलांडले. आणखी तासभर उशीर झाला असता तर, या विचारानं मी नंतर शहारले. तेव्हा शहारायलाही वेळ नव्हता, कारण मला तंबू दिसायला लागला होता.

तंबू रिकामा होता.

दोन्ही पिशव्या नाहीत, हे नाहीत, धाकटा नाही. त्या क्षणी माझ्या पोटात जे झालं, ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. आचारी धावत आला. "साहब को दो बार उल्टी हुई. छोटू नीचे धुंदी ले गया. चलकर गए हैं, अपने पैरों पे." तिथं फोनला रेंज नाही. मी तशीच पळत सुटणार, तोच वाटाड्यानं हात आडवा धरला. "मैडमजी, उतरते में ही पैर टूटता है." दोन तास मी पायांखालच्या दगडाकडे बघत उतरले. एकदाही डोंगराकडे पाहिलं नाही.

धुंदीला एका चहाच्या टपरीपुढच्या बाकावर हे बसलेले. समोर मॅगीची बशी, अर्धी संपलेली. चेहऱ्यावर रंग परत आलेला. दीड हजार फूट खाली उतरल्याबरोबर डोकं निम्म्यानं कमी झालं होतं म्हणे. धाकटा मोठ्या माणसासारखा सांगत होता, "आई, मी चार वेळा रेषेवर चालवलं. सरळच चालले. पण दुसऱ्यांदा उलटी झाली ना, तेव्हा मीच दादाला म्हटलं, आता नियम!" बाबा "थांबू या, बरं वाटेल," म्हणत होते, पण त्या विशीतल्या पोरानं आणि माझ्या अकरा वर्षांच्या मुलानं त्यांचं ऐकलं नव्हतं.

मी काही बोलायच्या आत ह्यांनीच विचारलं, "पाहिलंस का कुंड?"

मी मान हलवली आणि मग रडले. हे गोंधळून गेले. मॅगीची बशीच माझ्यापुढं सरकवली.

मी गेले ते बरोबर केलं का? घरी आल्यावर हा प्रश्न मी स्वतःला पुष्कळदा विचारला. मी तिथं असते, तरी वेगळं काय केलं असतं? उलट, "थोडं पडा, आल्याचा चहा देते," म्हणत मी तासभर घालवला असता, अशी मला शंका येते. आपली माया पुष्कळदा नियमाच्या आड येते. हे नियम पाळणारी माणसं मी पाहून, विचारून मागं ठेवली होती, एवढाच माझा आधार. तशी माणसं नसती, तर मी थांबायलाच हवं होतं, यात मला संशय नाही.

जाणाऱ्या मैत्रिणींना चार गोष्टी सांगते. निदान महिना-दीड महिना आधी चढण्याचा सराव करा, सपाटीवरचं चालणं पुरत नाही. मनालीत दोन रात्री तरी काढल्याशिवाय वर जाऊ नका. उन्हाची टोपी, गडद चष्मा आणि चेहऱ्याचं मलम हवंच. थंडी असली, तरी बर्फावरून परतणारं ऊन कातडी सोलून काढतं. सुती मोजे ओले झाले की वाळत नाहीत, लोकरीचे न्या. पाळीच्या तारखा आधीच बघून ठेवा. पुढं ढकलायच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका, आणि वापरलेलं सगळं कागदात गुंडाळून खाली परत आणा, त्या कुरणांत कचरा नेणारं कुणी नाही. बरोबरचा वाटाड्या स्थानिक आणि अनुभवी आहे ना, हे निघण्याआधी खात्री करून घ्या. आणि घरच्या माणसांनाही ती रेषेवरून चालायची परीक्षा शिकवून ठेवा, पोरांना तर नक्कीच.

मनालीला परतल्यावर फोन लागला. सासूबाईंना सांगायचं की नाही, या विचारात असतानाच धाकट्यानं सगळा वृत्तान्त एका दमात सांगून टाकला. आई वर गेली, बाबांना उलट्या झाल्या, आई ताईला घेऊन ओढा ओलांडून आली, सगळं! मग फोन माझ्या हातात आला. पलीकडे बराच वेळ शांतता. मी ऐकून घ्यायची तयारी ठेवली.

"अगं, त्याला लहानपणापासून घाट लागतो," सासूबाई म्हणाल्या. "महाबळेश्वरला जाताना दर खेपेला पसरणीच्या घाटात ओकायचा. मी तुला आधी सांगायला हवं होतं." मग जरा थांबून म्हणाल्या, "पाणी फार गार होतं का गं?"

मी त्यांना सांगत बसले. हे बॅगा भरत होते.